दोन सायकलींची वाट

माझी गाडी गॅरेजमध्ये नऊ दिवस अडकली नसती, तर हे लिहिण्याची वेळच आली नसती. दोन वर्षांपूर्वीचा जुलै महिना. "आपा, पार्ट उद्या येतो," हे रोज ऐकून कंटाळले होते. दोन दिवस रिक्षा करून पाहिली. पैसे गेले आणि शाळेत उशीरही झाला. तिसऱ्या दिवशी अंगणात धूळ खात उभी असलेली मुलीची सायकल पुसून बाहेर काढली. मुलगी शिकायला पुण्याला गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता.

सासूबाई दारातच होत्या. म्हणाल्या, "इस उमर में सायकल? लोगां क्या बोलेंगे?"

मी म्हटले, "अम्मी, अब्बाजान तीस वर्षं मिलला सायकलवरच जात होते ना?"

"उनके टाइम पे भोंगा बजता था," अम्मी म्हणाल्या. यावर काय उत्तर द्यावे ते मला अजून सुचलेले नाही.

आमचे घर सोलापुरात नई जिंदगी भागात आहे. शाळा जुन्या गावात, विजापूर वेशीच्या बाजूला. अंतर पाच-साडेपाच किलोमीटर. गाडीने पंधरा मिनिटे लागत, सायकलने अर्धा तास लागतो. बी.एड.ला असताना मी सायकलनेच जायची, त्यामुळे चालवायची कशी हे पाय विसरले नव्हते. कपडे मात्र विसरले होते. पहिल्याच दिवशी आसरा चौकाच्या अलीकडे अबायाचा काठ चेनमध्ये गेला आणि मी भर रस्त्यात एका पायावर उभी राहिले. पंक्चर काढणारे एक चाचा धावत आले. त्यांनी मागचे चाक उचलून पायडल उलटे फिरवले, काठ मोकळा केला आणि म्हणाले, "बेटी, पहले चेन कव्हर बिठाओ, बाद में सायकल चलाओ."

ज्या बहिणींना सायकल चालवायची इच्छा आहे, त्यांना मी पहिली गोष्ट हीच सांगते. पूर्ण चेन कव्हर आणि मागच्या चाकाला साडी गार्ड, हे दोन्ही नसेल तर घराबाहेर पडू नका. अबाया खाली फार घेरदार नको. दुपट्ट्याची टोके पिनने आत खोचलेली हवीत. सीट अशी ठेवावी की पायडल खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ होईल. बायका पाय टेकायला हवेत म्हणून सीट खाली ठेवतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडतात. चाकांत हवा भरपूर असावी. कमी हवेची सायकल म्हणजे चढावर ढकलत नेलेली हातगाडी.

पण आदर्श सायकल-प्रवास केवळ सायकलीवर ठरत नाही, रस्ता कसा आहे यावर ठरतो. माझ्या रस्त्याची एक गंमत मला चार-पाच दिवसांनी लक्षात आली. मी सकाळी साधारण वायव्येला जाते आणि संध्याकाळी आग्नेयेला परतते. त्यामुळे जाताना आणि येताना, दोन्ही वेळा सूर्य माझ्या उजव्या खांद्यामागे असतो, डोळ्यांवर येत नाही. ज्यांचे घर पश्चिमेला आणि कामाची जागा पूर्वेला, त्यांना दोन्ही वेळा सूर्याकडे तोंड करून जावे लागते. पावसाळ्यातला वारा आपल्याकडे पश्चिमेकडून येतो. सकाळी मी ताजी असते तेव्हा तो अंगावर येतो, संध्याकाळी दमलेली असते तेव्हा पाठीवर हात ठेवून घरी पोहोचवतो. घर बांधताना आम्ही फक्त प्लॉटचा दर पाहिला होता. हे सगळे अल्लाहने वरून दिले.

मुख्य रस्ता मात्र मी दुसऱ्याच दिवशी सोडला. ट्रक, एस.टी., मागून कानात शिरणारे हॉर्न. आतल्या गल्ल्यांमधून गेले तर पाऊण किलोमीटर जास्त पडते, पण वाटेत लिंबाची सावली आहे आणि वेग सगळ्यांचाच कमी आहे. पाच-सात मिनिटे आधी पोहोचले की पंख्याखाली बसून घाम वाळवायचा, तोंड धुवायचे, मग वर्गावर जायचे. हिवाळ्यात असर शाळेतच पढून निघते, म्हणजे मगरिबच्या अजानपूर्वी घरी येता येते. रमजानात मी सायकल काढत नाही. रोजा ठेवून सोलापूरच्या उन्हात पराक्रम दाखवण्याची माझी हौस नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. हदीसमध्ये सलामचा एक साधा नियम आहे. वाहनावर असलेल्याने पायी चालणाऱ्याला आधी सलाम करावा, चालणाऱ्याने बसलेल्याला. हा धडा मी मुलांना कितीतरी वर्षे शिकवला. स्वतः मात्र गाडीवर हेल्मेट आणि तोंडाला स्कार्फ बांधून रोज शंभर माणसांसमोरून जात होते आणि एकालाही सलाम करत नव्हते. करणार कसा? सलाम तोंडातून निघेपर्यंत माणूस मागे पडलेला असतो. सायकलवर तसे होत नाही. दारात धान्य निवडणाऱ्या बायका, नळावर घागरी घेऊन उभ्या असलेल्या मुली, काठी टेकत निघालेल्या नानी. सलाम होतो, जबाबही कानावर पडतो. पहिले दोन दिवस सगळ्या चकित होऊन पाहायच्या. "क्या आपा, गाडी बिक गई क्या?" असे एकीने विचारलेसुद्धा. चौथ्या दिवसापासून त्याच आधी हात वर करू लागल्या.

सातव्या दिवशी आतल्या गल्लीत एका पत्र्याच्या घरासमोर एक म्हातारी बसलेली दिसली. मी सलाम केला. जबाब देऊन तिने मला थांबवले. "तुम वो उर्दू शाळा की आपा ना? हमारी पोरी तुम्हारीच शाळा में थी." तिने आत हाक मारली. हातात सुई-दोरा आणि मांडीवरून घसरणारी साडी सावरत एक मुलगी बाहेर आली. ती माझी विद्यार्थिनी होती. वर्गात भागाकार सगळ्यांत आधी सोडवून पाटी उलटी ठेवून बसायची, ती. नाव लिहीत नाही.

आमची शाळा सातवीपर्यंत. सातवीनंतर दाखला घेऊन मुली हायस्कूलला जातात. हिचा दाखला मी माझ्या हाताने लिहिला होता. ती आठवीत गेली असे मी धरून चालले होते. कागदावर माझे काम संपले होते. प्रत्यक्षात त्या उन्हाळ्यात त्यांनी जुन्या गावातली खोली सोडली आणि कमी भाड्यासाठी इकडे आले. हायस्कूल लांब पडले. रिक्षाचे महिन्याचे पैसे जमेनात, चालत एकटी पाठवायला आई तयार होईना. पोरगी घरी बसून साड्यांना फॉल लावू लागली. एक वर्ष गेले होते. मधल्या काळात गल्ली उकरलेली नसेल तेव्हा मीही याच वाटेने गाडीवरून जात असे. तिच्या दारावरून. ती म्हणाली, "आपा, मैं हाथ हिलाती थी. तुम देखते नै थे."

त्या दिवशी मी वर्गात काय शिकवले ते मला आठवत नाही.

सहावी ते आठवीसाठी शाळा घरापासून तीन किलोमीटरच्या आत असावी, असे शिक्षण हक्काच्या नियमांत आहे. तीन किलोमीटर नकाशावर बोटाएवढे असतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला ते पायी पाऊण तासाचे, सायकलने पंधरा मिनिटांचे. बिहार सरकारने २००६ साली नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली, तेव्हा मला ती मतांची योजना वाटली होती. आता तसे वाटत नाही.

संध्याकाळी मी पुन्हा त्यांच्याकडे थांबले. आई म्हणाली, "आपा, जमाना कैसा है, अकेली कैसे भेजूं?" मी म्हटले, "भाभी, मी रोज याच वाटेने जाते. हायस्कूलच्या वळणापर्यंत माझ्याबरोबर येईल." हे मी बोलून गेले. नंतर घरी येऊन विचार केला, तेव्हा कळले की आता गाडी दुरुस्त झाली तरी मला सायकल सोडता येणार नाही. तिच्या मामांनी अठराशे रुपयांना जुनी लेडीज सायकल मिळवली. चेन कव्हर त्या पंक्चरवाल्या चाचांनी बसवून दिले आणि पैसे घेतले नाहीत. हायस्कूलने ऑगस्टमध्ये आठवीला प्रवेश दिला. त्यासाठी मला तीन चकरा माराव्या लागल्या, पण तो विषय वेगळा.

तेव्हापासून आम्ही दोघी जातो. सुरुवातीला ती माझ्या मागे असायची, आता पुढे असते आणि मला दम लागला की वळून पाहते. वाटेत पाठ केलेले तोंडी म्हणते. सलामही आधी तीच करते. रमजानात मी तिला माझ्याबरोबर रिक्षात घेते.

आता ती नववीत आहे. गेल्या महिन्यात एका मंगळवारी ती कोपऱ्यावर नव्हती. मी पाच मिनिटे थांबले, मग सायकल स्टँडवर लावून आत गेले. चहाचे चांगले कप पालथे घालून ठेवलेले होते. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "मेहमान आए थे. सिर्फ देख के गए." मी म्हटले, "भाभी, दहावी होऊ द्या." त्यांनी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. मुलगी आतल्या खोलीत होती, बाहेर आली नाही. त्या दिवशी मी एकटीच गेले. वारा समोरून होता आणि शाळा फार लांब वाटली.

बुधवारी मी नेहमीपेक्षा दहा मिनिटे लवकर निघाले. ती कोपऱ्यावर उभी होती, दप्तर कॅरिअरला बांधलेले.

"आपा, पिछले चाक में हवा कम है," ती म्हणाली.

चाचांचे दुकान उघडायला वेळ होता. आम्ही दोघी सायकली हातात धरून तिकडे चालत निघालो.