रनवे कुठं दिसतोय?

फळ्यावर सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीचा उडण्या-उतरण्याचा चौकोनी मार्ग, काढायला दोन मिनिटंही लागत नाहीत. वाऱ्याच्या तोंडावर उड्डाण, डावं वळण, धावपट्टीला समांतर उलट दिशेनं डाऊनविंड, मग धावपट्टीकडे वळणारा बेस, मग उतरायचा सरळ टप्पा, फायनल. छोटं विमान असो की जेट, चौकोन तोच. शिकवायची असते ती नजर, आणि ती विमानागणिक बदलते.

बारामतीहून विद्यार्थ्यांना क्रॉस-कंट्रीला नांदेड-लातूरकडे आणलं की हे जास्त जाणवतं. सेसना 152 चा पंख डोक्यावर. डाऊनविंडला धावपट्टी पंखाच्या तिरक्या दांडीच्या साधारण मध्यावर दिसली की अंतर बरोबर. पण बेससाठी विमान डावीकडे कललं की तोच पंख खाली येऊन सगळं झाकतो. "सर, रनवे गेला!" कुणीतरी ओरडतंच. वळायच्या आधीच तो डोळ्यांत भरून घ्यायचा असतो. पंख खाली असलेल्या विमानात नेमकं उलटं: समांतर जाताना पंख आड येतो, वळताना रनवे मोकळा दिसतो.

वेग वाढला की चौकोन फुगतो. 30 अंश कलून 65 नॉटला वळलात तर त्रिज्या 200 मीटरच्या आसपास. 130 नॉटला तीच 800 मीटर होते. वेग दुप्पट, जागा चौपट. म्हणून आम्ही जमिनीपासून 1000 फुटांवर फिरतो, जेटवाले सहसा 1500 फुटांवर आणि बरंच लांबून. शिवाय जेटचं इंजिन आयडलवरून जोर धरायला काही सेकंद घेतं, म्हणून फायनलला ते पॉवर तोडत नाहीत. आमच्या सेसनात मात्र डाऊनविंडलाच थ्रॉटल ओढून मी विचारतो, "इंजिन गेलं, आता?" पुण्याच्या हडपसरला ग्लायडरवाल्यांचं तर प्रत्येक सर्किट याच प्रश्नाचं उत्तर. उतरणं सोडून पुन्हा वर जायची, गो-अराऊंडची, सोयच नाही.

उंचीचा आकडा पाठ करू नका, हे मात्र बजावून सांगावं लागतं. नांदेड गोदाकाठी, समुद्रसपाटीपासून साडेबाराशे फुटांच्या आसपास. म्हणजे तिथं सर्किटला अल्टिमीटरवर सव्वादोन हजार. लातूर बालाघाटाच्या पठारावर, कित्येकशे फूट वर. नांदेडचा आकडा तिथं वापरलात तर खालची तूर मोजत फिराल.

आणि मग मे महिना. पारा 42 वर गेला की नांदेडची हवा विमानाला जवळपास 4800 फुटांवरच्या हवेइतकी विरळ लागते. चढाई मंदावते, ते लगेच कळतं. फायनलचं मात्र कळत नाही. वेगाच्या काट्यावर तेच 65 नॉट, पण विरळ हवेत विमान खरं तर सात-आठ टक्के जास्त वेगानं जातंय. शेतं भराभर मागे पळतात, पोराला वाटतं आपण फार जोरात आलो, आणि हात आपसूक नाक वर घेतो. वेग पडतो, तोही जमिनीजवळ. इतके दिवस बाहेर बघ, बाहेर बघ म्हणणारा मी तिथं उलटं बोलतो: "काटा बघ, काटा!"