घमेलंभर रेती

आमच्या घरातलं घड्याळ दर आठवड्याला बदलतं. १९६९ साली तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं, मागाहून औद्योगिक वसाहत वाढली, आणि बोईसर पाळ्यांवर जगायला लागलं. हे सात ते तीनला असले की घर पहाटे पाचला जागं होतं. रात्रपाळी असली की सकाळी आठला पडदे ओढून सगळे कुजबुजत बोलतात. अशा घरात गेली नऊ वर्षं मी रस्त्यावरची पिल्लं आणते, लस टोचून घेते, शू-शी शिकवते आणि बरं माणूस बघून देऊन टाकते.

सगळी पुस्तकं सांगतात, वेळा ठरवा. पहिल्या दोन पिल्लांच्या वेळी मी फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलं होतं. सोमवारी पाळी बदलली आणि त्याबरोबर फरशीही ओली झाली. पिल्लाला काय ठाऊक दुसरी पाळी लागली ते! मग घड्याळ सोडलं आणि पिल्लाकडेच बघायला लागले. झोपेतून उठलं की, खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी, आणि खेळता खेळता एकदम थांबून जमीन हुंगत गोल फिरायला लागलं की, उचलायचं. दोन महिन्यांचं पिल्लू जागेपणी फार तर दोन-तीन तास धरतं, खेळताना तेवढंही नाही. रात्री एकदा उठावंच लागतं. रात्रपाळीच्या आठवड्यात हे काम मला सोपं जातं, तशीही झोप लागत नाही.

हे एवढं जमलं की सगळं येतं, असा माझा समज होता. तो गेल्या मे महिन्यात आलेल्या काळ्याने मोडला.

काळ्या एका अर्धवट इमारतीखालच्या रेतीच्या ढिगात जन्मला. आई गाडीखाली गेली तेव्हा तो सात आठवड्यांचा होता. मी त्याला वेळेवर उचलायची, बाल्कनीत वर्तमानपत्रावर ठेवायची. तो कागदावर बसून माझ्याकडे बघत राहायचा. आत आणलं की थेट पायपुसण्यावर. पायपुसणं काढलं तर चटईवर. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘नाक घास त्याचं त्यात, एकदाच, बघ कसा सुधारतो.’’ हा उपाय आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, आणि त्यातून पिल्लू एकच गोष्ट शिकतं: माणसासमोर करायचं नाही. मग ते कपाटामागे जाऊन करतं आणि आपण म्हणतो, किती लबाड! काकूंना मी चहा दिला.

फिनेलचाही काही उपयोग होत नव्हता. त्याचा वास आपल्या नाकाला पुरतो, कुत्र्याला त्याखालचा जुना वास येतच राहतो. मी पातळ व्हिनेगरने पुसते. अमोनिया असलेलं काही वापरायचं नाही, ते तर जणू मुताचंच आमंत्रण.

कळायला आठवडा लागला, हे कबूल करते. पायपुसणं, चटई, एकदा तर सांडलेला रवा. जे पायाखाली खरखरतं, ते त्याला चालत होतं. पिल्लं अगदी लहानपणी ज्या जमिनीवर मोकळी होतात, तो स्पर्श त्यांचे पाय विसरत नाहीत. काळ्याच्या लेखी कागद ही बसायची जागा होती. संडास म्हणजे रेती.

एका ठेकेदाराकडून नवी रेती आणली, उन्हात वाळवली, घमेल्यात भरून बाल्कनीत ठेवली. त्याने हुंगलं, दोनदा गोल फिरला आणि बसला. त्याच क्षणी चिमूटभर उकडलेलं अंडं तोंडात. बक्षीस लगेच मिळायला हवं. अंडं स्वयंपाकघरातून आणेपर्यंत त्याला ते कशाबद्दल मिळालं हेच कळत नाही. म्हणून त्या दिवसांत माझ्या गाऊनच्या खिशाला कायम अंड्याचा वास यायचा.

तोवर जून आला. लस पूर्ण व्हायची होती, त्यामुळे खाली नेता येत नव्हतं; पार्व्होचे विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतात. आणि पालघरचा पाऊस तिरपा येतो, बाल्कनीतल्या रेतीचा चिखल करतो. मी घमेल्यावर जुनी छत्री बांधली. सकाळी घरी परतलेल्या यांनी ती बघितली, काही न बोलता मोजे काढले आणि झोपायला गेले.

सोळा आठवडे भरले, लसी झाल्या. मग घमेलं जिन्याखाली, तिथून कंपाउंडच्या कोपऱ्यात, दर दोन-तीन दिवसांनी थोडं पुढे, रोज एक मूठ रेती कमी आणि एक मूठ माती जास्त. घाईने एकदम पुढे नेलं त्या दिवशी तो धावत वर आला आणि पायपुसण्यावर बसला. पुन्हा जिन्याखाली.

ऑगस्टमध्ये पालघरहून एक ताई त्याला न्यायला आल्या. खाणं, जंताचं औषध, लसीचं कार्ड, सगळं समजावलं. शेवटी त्यांच्या हातात एक घट्ट बांधलेली पिशवी दिली.

‘‘हे काय?’’

‘‘रेती. त्याने वापरलेली. अंगणात जिथे हवं तिथे पसरा.’’

त्यांनी पिशवी हातभर लांब धरली आणि काळ्याला दुसऱ्या काखेत घेऊन रिक्षात बसल्या.