टेबलावरची पाने आधी पाहा



आपल्या पिढीला रमी माहीत, तीनपत्ती माहीत. माझा नातू मात्र लष्करातून सुटून आल्यावर मित्रांबरोबर टेक्सास होल्डेम पोकर खेळू लागला, तेही शेकेल लावून. सुटताना मिळालेले पैसे त्यातच जातील अशी मला धास्ती वाटू लागली. नुसते "खेळू नकोस" म्हटल्याने तो ऐकणार नव्हता, म्हणून त्याच्याकडूनच मी खेळ शिकून घेतला. आता आम्ही दोघे चवळीच्या दाण्यांवर खेळतो.

तीनपत्तीत प्रत्येकाची पाने झाकलेली. इथे झाकलेली दोनच मिळतात. मग मधे तीन पाने उघडी मांडतात, पुढे एक आणि शेवटी आणखी एक. ही पाच सगळ्यांची. गोम इथेच आहे. जे पान तुमच्या कामाचे, ते समोरच्याच्याही कामाचे!

समजा तुमच्याकडे दोन एक्के आहेत. मधे बदाम राजा, किलवर सत्ती, इस्पिक दुर्री पडली. हे टेबल शांत. चौथे पान कुठलेही पडो, तोवर कुणाचा सीक्वेन्स किंवा कलर होऊच शकत नाही.

आता एक्के तेच, पण मधे बदाम गुलाम, बदाम दश्शी, इस्पिक नव्वी. ज्याच्याकडे राजा-राणी, राणी-अठ्ठी किंवा अठ्ठी-सत्ती आहे त्याचा सीक्वेन्स आताच झाला. ज्याच्याकडे दोन बदाम आहेत त्याला आणखी एकच हवे. त्याला न दिसलेल्या ४७ पानांत ९ बदाम, आणि दोन पाने यायची बाकी. शंभरात सुमारे ३५ वेळा त्याचा कलर होतो.

वॉर्डात आम्ही नर्सेस आत्ता ताप किती एवढेच पाहत नसू. पेशंट पुढच्या दोन तासांत बिघडेल का, तेही पाहत असू. टेबलाचेही तसेच. समोर एकच भिडू असेल तर तिथेच डाव बराच वाढवावा, म्हणजे पुढच्या पानाची वाट पाहणे त्याला महाग पडते. चार-पाच भिडू असतील आणि कुणी जोरात वाढवत असेल तर एक्केसुद्धा खाली ठेवावेत. हे माणसाला फार जड जाते, कारण हातातले चांगले पान सोडवत नाही.

परवा नातवाने राजांची जोडी निमूट टाकली. पैशाचा खेळ अजून सुटलेला नाही. पण हल्ली किती हरायचे ते घरीच ठरवतो आणि तेवढेच शेकेल खिशात घालून जातो.