डॉसवाला

नाशिकच्या दुकानात लॅपटॉप बघायला गेलं की दुकानदार विचारतो, "विंडोजवाला दाखवू की डॉसवाला?" डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची, कमांड टाइप करून चालवायची प्रणाली. डॉसवाला स्वस्त पडतो. गिऱ्हाईक तो घेतं आणि घरी जाऊन आधी डॉस पुसून टाकतं. हा डॉस म्हणजे बऱ्याचदा फ्रीडॉस असतो. माझं पोट डॉसवर भरलेलं, त्यामुळे हे पुसणं मला बघवत नाही.

नव्वदच्या दशकात मी डॉस शिकलो तो चपला बाहेर काढून. क्लासात काळा पडदा आणि लुकलुकणारी बारीक रेघ. डीआयआर मारलं की फायलींची यादी, सीएलएस मारलं की पडदा साफ. एक अक्षर चुकलं की 'बॅड कमांड ऑर फाइल नेम' हे ठरलेलं उत्तर.

पुढे चांदवडला एका कांदा व्यापाऱ्याकडे हिशेबाला लागलो. तिथं कुणीतरी डॉसवरच्या फॉक्सप्रोत लिहून दिलेला प्रोग्राम होता. वजन आणि भाव टाकला की हमाली, तोलाई, वाराई वजा व्हायची आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरत हिशेबपट्टी काढायचा. ट्रॉली रिकामी करून आलेला शेतकरी पट्टीवरचा शेवटचा आकडा आधी बघायचा, वजावटी नंतर.

त्याच काळात तिकडे अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये, जिम हॉल नावाचा विद्यार्थी अस्वस्थ होता. मायक्रोसॉफ्टचा सगळा रोख विंडोजवर गेला होता आणि डॉसचे दिवस भरत आले होते. 29 जून 1994 ला त्यानं जाहीर केलं, आपणच डॉस लिहू, फुकट आणि खुला. तोच हा फ्रीडॉस. पॅट व्हिलानी या प्रोग्रामरचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, मिळाला, इतरांनी एकेक कमांड नव्यानं लिहिली. मायक्रोसॉफ्टचा कोड न घेता वागणूक मात्र तीच ठेवायची होती. वाडा पायापासून नवा, पण खुंट्या-कोनाडे जुन्याच जागी, अंधारातही हात बरोबर पडावा असे. 1.0 आवृत्ती यायला 2006 उजाडलं.

त्या खुंट्यांचा उपयोग आमच्या गाळ्यावर झाला. नवं मशीन 64 बिट विंडोजचं आलं. त्यावर डॉसचे 16 बिटचे प्रोग्राम चालतच नाहीत, त्यामुळे आमचा प्रोग्राम उघडेना. लिहून देणारा केव्हाच गाव सोडून गेलेला. अडगळीतल्या पेंटियमवर फ्रीडॉस चढवला, फॉक्सप्रोचं फोल्डर कॉपी केलं, आणि शेतकऱ्यांची खाती जशीच्या तशी समोर आली. प्रिंटरही करकरला.

मायक्रोसॉफ्टनं आपल्या डॉस 4.0 चा कोड खुला केला तो 2024 मध्ये. तेव्हा फ्रीडॉस तिशीला आला होता, आणि 2025 मध्ये त्याची 1.4 आवृत्तीही निघाली. मालकाचा रस संपला म्हणून लोकांचं काम थांबत नसतं.

तुमच्या गाळ्यावर, पतसंस्थेत असा जुना प्रोग्राम धूळ खात असेल तर मशीन भंगारात घालण्याआधी त्याच्या डिस्कची कॉपी तेवढी काढून ठेवा. चालवायला फ्रीडॉस आहे.