परक्या घराचा उंबरठा

उचगावला पाहुण्यांचे अप्रूप नाही. बेळगाव-वेंगुर्ले रस्त्यावरून आत वळले, की भातशेते लागतात आणि मार्कंडेय नदीच्या परिसरातील हे गाव येते. मळेकरणी देवीच्या आमराईत मंगळवारी आणि शुक्रवारी दूरदूरचे भाविक येतात. मराठी साहित्य संमेलनाला लेखक-कवी येतात. आलेल्याचे आदरातिथ्य कसे करावे, हे येथे कोणाला शिकवावे लागत नाही. मात्र परमुलखात, सेवेच्या हेतूने जाऊन, परक्या कुटुंबात महिनोन्‌महिने पाहुणा म्हणून राहणे ही विद्या निराळी आहे. अलीकडे आपली मुलेमुली स्वयंसेवक म्हणून परदेशी जाण्याच्या गोष्टी बोलू लागली आहेत आणि घरची वडीलधारी मंडळी 'खाईल काय, बोलेल कसे' या विवंचनेत पडतात. अशा मंडळींनी एकदा मुलांसह सोलापूरला जाऊन यावे.

बेळगावहून विजापूरमार्गे सोलापूर गाठता येते. तेथे भय्या चौकात डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे घर महानगरपालिकेने स्मारक म्हणून जतन केले आहे. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा तरुण मुंबईत वैद्यकशास्त्राची पदवी घेऊन पुढील शिक्षणाच्या तयारीत होता. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या साहाय्यासाठी राष्ट्रीय काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक सप्टेंबर १९३८ मध्ये पाठविले, त्यात तो स्वेच्छेने सामील झाला. नागपूरचे डॉ. चोळकर हेही त्या पथकात होते. चीनमध्ये असतानाच कोटणिसांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. परंतु अंगीकारलेले कार्य अर्धवट टाकून ते परतले नाहीत.

युद्धाची हकीकत आपण चित्रपटातून जाणतो. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली ती घरोघरी पोहोचविली. पण त्या घरातील छायाचित्रांपुढे उभे असताना माझ्या मनात आले ते रोजचे जिणे. उत्तर चीनमधील हपै प्रांतात, गेगुंगसारख्या खेड्यांत, रुग्णालय म्हणजे काही मोठी इमारत नव्हती. जखमी सैनिक शेतकऱ्यांच्या घरांतून ठेवलेले असत आणि डॉक्टरही त्याच खेडुतांच्या आधाराने राहत. त्या मुलखातील घरांत विटामातीचा रुंद ओटा असतो. चुलीचा ऊन धूर त्याच्या पोटातून खेळवतात आणि हिवाळ्यात सारे कुटुंब त्याच ओट्यावर निजते. तेथले रोजचे अन्न म्हणजे राळे. भोगीच्या दिवशी आपण हौसेने शिजवितो तेच हे राळे, तिकडे गरिबाच्या ताटात बारा महिने!

सोलापूर हे मराठी, कन्नड आणि तेलुगू कानांवर पडणारे शहर. आपल्या सीमाभागातील मुलांप्रमाणेच अनेक भाषांच्या शेजारात वाढलेल्या कोटणिसांनी चिनी भाषाही नेटाने आत्मसात केली. दुभाष्यावर विसंबून न राहता ते तेथील विद्यार्थ्यांना चिनी भाषेतच शिकवू लागले. म्हणून काही त्यांचे सोलापूर सुटले नाही. आपल्या मायबोलीसाठी आग्रह धरणे आणि दुसऱ्याची भाषा प्रेमाने शिकणे यांत वैर नाही, हे आपल्या भागात तर विशेषेकरून ध्यानी ठेवावयास हवे.

१९४१ च्या आरंभी ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. त्याच वर्षाअखेर ग्वो छिंगलान या परिचर्या-शिक्षिकेशी त्यांचा विवाह झाला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये पुत्र झाला, त्याचे नाव यिन्‌हुआ, म्हणजे भारत आणि चीन. त्याच वर्षी ९ डिसेंबरला, अपस्माराच्या झटक्यांनी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी डॉक्टर गेले. तेथील लोक मायेने त्यांना 'काळी आई' म्हणत. आपला शेतकरी हे नाव फक्त जमिनीला देतो.

आपण सेवा करणाऱ्याने काय दिले, याचाच हिशेब मांडतो. परंतु युद्धाच्या टंचाईत ज्या गृहिणींनी आपल्या चुलीवरचे राळे जखमींना आणि वैद्यांना वाढले, त्यांचे देणे थोडे होते काय? कोटणिसांचे मोठेपण मला येथेच दिसते. ते उपकारकर्ता म्हणून वेगळे बसले नाहीत. त्यांनी त्या लोकांचे अन्न घेतले, त्यांची भाषा घेतली, त्यांच्यातलीच सहधर्मचारिणी पत्करली. ज्याला घेणे साधत नाही, त्याचे देणे समोरच्याला ओझे होते.

म्हणून परदेशी निघालेल्या आपल्या मुलांना माझे एवढेच सांगणे, की लोणच्याची बरणी अवश्य न्या. पण यजमानीण वाढील ते आधी खा. तिच्या भाषेतले पाच-पन्नास शब्द जाण्यापूर्वीच शिका. जेवण झाल्यावर भांडी विसळावयास स्वतःहून उठा. आणि घरी पत्र किंवा निरोप पाठवाल तो मराठीतच असू द्या. आई वाट पाहत असते.