ज्या देशाला खिंड नाही

वॉर्सा शहराखालचा बोगदा संपला, गाडी पोझनानच्या वाटेला लागली आणि मी सवयीने खिडकीतून डोंगर शोधू लागलो. जवळपास 300 किलोमीटरच्या त्या प्रवासात ना घाट लागला, ना पुन्हा बोगदा. आपल्या मोहरीसारखी पिवळीधमक शेतं, एका विजेच्या खांबावर काटक्यांचं भलंमोठं घरटं, त्यात एका पायावर उभा करकोचा आणि मग पुन्हा शेतं. पोलिश भाषेत 'पोले' म्हणजे शेत. देशाचं नाव त्याच शब्दावरून पडलं, असं मानतात.

मी कोल्हापूरचा. मूठभर माणसं खिंडीत उभी राहून मोठी फौज थोपवू शकतात, हे पावनखिंडीने आम्हाला लहानपणीच शिकवलेलं. इथे खिंडच नाही! दक्षिणेला कार्पेथियन डोंगर, उत्तरेला बाल्टिक समुद्र; पूर्व आणि पश्चिम मात्र सताड उघडी. 1772, 1793 आणि 1795 अशा तीन घासांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने हा देश गिळला. पुढची 123 वर्षं तो नकाशावर नव्हता.

सगळा दोष जमिनीच्या माथी मारणं मला पटत नाही. त्या काळी पोलंडच्या संसदेत एकट्या सदस्याने नकार दिला तरी अख्खं अधिवेशन बारगळायचं. शेजारी हे ओळखून होते. सपाट मुलखाला अशी दुही मुळीच परवडत नाही.

1918 ला परत मिळालेलं स्वातंत्र्य जेमतेम 21 वर्षं टिकलं. 1939 च्या 1 सप्टेंबरला पश्चिमेकडून जर्मन फौजा घुसल्या, 17 तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत. पूर्व भागातली लाखो माणसं सायबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकली गेली. त्यांतल्या काहींची, मुख्यतः बायकामुलांची, फरफट इराणमार्गे थेट आमच्या पंचगंगेपर्यंत झाली. 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत सुमारे 5000 पोलिश निर्वासित राहिले. घराबाहेर काढलेल्या या माणसांना आपल्या मातीने थारा दिला, याचा मला मनापासून अभिमान आहे.

वॉर्सात माँते कॅसिनोच्या स्मारकाजवळ कोल्हापूरच्या नावाचं एक स्मारक आहे. तिकडे गेलात तर तिथे थोडा वेळ थांबा. आणि त्याआधी, जमलं तर, एकदा वळिवड्याला जाऊन या.