हजार मोडेम, एक गाठ

लष्करी संदेशवहनाचा विषय निघाला की लोक मला हटकून कूटलेखनाबद्दल विचारतात. किती बिटांची किल्ली, कुणाला फोडता येईल वगैरे. उमेदीची वर्षं सिग्नल्समध्ये काढल्यावर माझं मत असं, की या धंद्यातली सगळ्यांत कमी डोकेदुखी तीच आहे.

२४ फेब्रुवारी २०२२ ची पहाट घ्या. रशियन फौजा युक्रेनमध्ये घुसत होत्या, त्याच सुमारास व्हायासॅट कंपनीच्या केए-सॅट उपग्रहाशी जोडलेले हजारो मोडेम गप्प झाले. युक्रेनचं सैन्यही ही सेवा वापरत होतं. उपग्रह शाबूत होता. हल्लेखोर शिरले ते इटलीतल्या तुरिनमधून, जाळ्याचा कारभार पाहणाऱ्या यंत्रणेत, एका नीट न बसवलेल्या व्हीपीएनच्या वाटेने. आणि कारभाऱ्याच्याच अधिकाराने त्यांनी मोडेमना हुकूम सोडले. फ्लॅश मेमरीतला मजकूर खरडला गेला. डबा जागच्या जागी, डिश आकाशाकडे रोखलेली, पण कुणाशी कसं जोडून घ्यायचं हेच यंत्र विसरलेलं. जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांवरची दूरची देखरेखही त्याच झटक्यात गेली. त्या बिचाऱ्यांचा युद्धाशी काय संबंध! कंपनीला बदली म्हणून जवळपास ३०,००० मोडेम धाडावे लागले.

एका घावात सगळं जाळं पडू नये, हा विचार तसा जुना. अणुहल्ल्यातून तगेल असं जाळं अभियंते पॉल बॅरन यांनी अमेरिकेतल्या रँड संस्थेत गणिताने मांडलं, ते १९६४ मध्ये प्रसिद्ध झालं. मध्यवर्ती केंद्र नको, गरजेच्या तीन-चार पट दुवे ठेवा, निरोपाचे तुकडे करा आणि जी वाट उरली असेल तिने पाठवा. पण त्यांच्या हिशेबात जाळ्याची एक गाठ गेली म्हणून दुसरी जात नाही. एकाच बनावटीचे, एकाच जागेहून हुकूम घेणारे हजार मोडेम म्हणजे बचावाच्या दृष्टीने एकच गाठ.

युक्रेनला पुढे स्पेसएक्स कंपनीच्या स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेटने हात दिला. त्याचे उपग्रहच हजारोंनी, पाडणार किती? तरी २४ जुलै २०२५ ला ती सेवा जगभर सुमारे अडीच तास बंद पडली, आघाडीवरसुद्धा. शत्रूने काही केलं नव्हतं. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये बिघाड झाला होता.

आणि म्हणूनच युक्रेनच्या खंदकांत फील्ड टेलिफोनही दिसतात. हँडल फिरवायचं, पलीकडे घंटी वाजते. हवेत लहरी सोडत नसल्याने दिशाशोधकाला माग लागत नाही, जॅमरही हात चोळत बसतो. गोळ्याने तार तुटली की मात्र लाइन पार्टीने निघायचं: अंधारात तार मुठीतून सरकवत, टोक हाती लागेपर्यंत. त्या कामात माणसं जातात, हे तक्त्यावर पर्यायी दुव्याची रेघ मारणाऱ्याने लक्षात ठेवावं.

शिवाय त्या तारेवरून ड्रोनचं थेट चित्र येत नाही. कोण, कुठे, किती, काय हवं, एवढंच बोलायचं. त्याची सवय लागायची तर सरावात मुख्य दुवा आगाऊ न सांगता तोडायला हवा. मी तसं सुचवलं की वरिष्ठ मान डोलवायचे आणि म्हणायचे, "तोडा, पण ब्रीफिंग संपल्यावर."